निकाल रोज लागत नाही

ताई, स. न. वि. वि.

मी सांगोला तालुक्यातला, वय 44. कृषी सेवा केंद्र चालवतो. मला राजकारणाचं व्यसन लागलंय असं बायको म्हणते आणि आता मलाही ते पटायला लागलंय. सकाळी डोळा उघडला की हात आधी मोबाइलकडे जातो. दुकानात गिऱ्हाईक समोर असलं तरी एक कान बातम्यांकडे. सुप्रीम कोर्टात शिवसेनेची सुनावणी चालू होती तेव्हा मी दिवसदिवस थेट प्रक्षेपण बघायचो. त्यातच एकदा एक शेतकरी डाळिंबाची तेल्या रोग पडलेली पानं घेऊन आला होता, काय मारू म्हणून विचारायला. मी मान वर करेपर्यंत पानं काउंटरवर ठेवून तो निघून गेला होता. समोरच्या दुकानात गेला असणार.

ऑगस्ट 2022 मध्ये घरच्या ग्रुपवर दाजींशी वाजलं. मी शिंदेसाहेबांकडचा, ते बारामतीकडचे, अजितदादांना मानणारे. ते 'खोके' म्हणाले, मी 'आमचा निधी तुम्ही पळवला' म्हणालो, आणि शब्दाला शब्द वाढत गेला. मी ग्रुप सोडला. तेव्हापासून बहीण भाऊबीजेला आलेली नाही.

2024 च्या लोकसभा निकालापासून झोप नीट लागत नाही. रात्री तीनला जाग येते आणि मी बातम्या चाळत बसतो. मुलगा बारावीला आहे, तोही आता शेजारी बसून मला राजकारणाचे रील दाखवतो. बायको म्हणते, जेवायला आपण चौघं बसतो पण तुम्ही मुंबईत असता. सगळे सांगतात बातम्या बंद करा. पण ताई, खताच्या भावापासून पाण्यापर्यंत सगळं राजकारणावरच चालतं. मग पाठ फिरवणं बरोबर आहे का? आणि पुढच्या निकालादिवशी दुकान बंद ठेवून एकदाचं निवांत बघू का?

– एक वाचक

दादा, नमस्कार.

पाठ फिरवा असं मी सांगणार नाही. ज्या तालुक्यानं गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवलं, जिथं 2019 चा निकाल हजारापेक्षाही कमी मतांनी लागला, तिथल्या माणसाला राजकारणाची ओढ असणारच. ती असावीही. 'सगळे सारखेच, आपण कशाला लक्ष द्या' म्हणणाऱ्या माणसापेक्षा मला तुमच्यासारखा माणूस शंभर पटींनी जवळचा वाटतो. तुमचा प्रश्न वाजवी आहे आणि त्याला 'मोबाइल बाजूला ठेवा' एवढं उत्तर पुरणार नाही.

ही सवय लागली कशी, ते आधी बघू. तुम्ही तिला व्यसन म्हणता, मला ती बरीचशी अनुभवातून आलेली वाटते. नोव्हेंबर 2019 आठवा. 22 तारखेला संध्याकाळी शरद पवारांनी सांगितलं की उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झालंय. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत तेच छापून आलं. आणि लोकांच्या हातात पेपर पडेपर्यंत राष्ट्रपती राजवट उठवून (पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी) राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकलाही होता. तीन दिवसांत तेही सरकार गेलं. पुढं 20 जून 2022 ला विधान परिषदेची मतमोजणी झाली आणि त्याच रात्री आमदार सुरतेच्या वाटेला लागले. तिथून गुवाहाटी. त्यात तुमच्याच तालुक्याचे आमदार, आणि 'काय झाडी, काय डोंगार' राज्यभर गाजलेलं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी त्या आठवड्यात तुम्हाला किती फोन केले असतील याची मला कल्पना येते. मग 2 जुलै 2023, रविवार. लोक दुपारचं जेवण करत होते आणि राष्ट्रवादीचा एक गट सरकारमध्ये शपथ घेत होता.

आपली नजर हटली की सत्तेचं चित्र बदलतं, हे महाराष्ट्रातल्या माणसानं चार वर्षांत तीनदा बघितलं. तुमच्या मनानं त्यातून एक धडा घेतला: जागं राहायचं. रात्री तीनची जाग मला त्यातलीच वाटते.

पण दादा, याच तीन घटना नीट तपासून बघा. 22 नोव्हेंबरच्या रात्री जो बारा वाजेपर्यंत टीव्हीसमोर बसला होता, त्याला सकाळी धक्का जास्त बसला, कारण त्याला उलटंच सांगितलेलं होतं. जो जेवून नऊला झोपला, त्यालाही सकाळी तेवढंच कळलं. आमदार सुरतेला निघाले तेव्हा वाहन कुठं थांबलं, कोण उतरलं, हे पडद्यावर नंतर आलं. जे खरोखर गुपचूप ठरतं ते बघणाऱ्याला आधी कळत नाही, मग तो कितीही जागा राहो. इतक्या वर्षांच्या जागरणात एखादी मोठी गोष्ट तुम्हाला चार तास आधी कळली आणि तिचा दुकानाला, घराला, गावाला उपयोग झाला, असं एक उदाहरण आठवतंय का? आठवलं तर मला जरूर लिहा.

आता मला जे मुख्य वाटतं ते सांगते. काल दिवसभरात तुम्ही जे पाहिलं त्याचे दोन ढीग करा. एकात घडलेल्या गोष्टी आणि दुसऱ्यात घडतील म्हणून सांगितलेल्या. 'अमुक नाराज असल्याची चर्चा', 'पडद्यामागे हालचालींना वेग', 'येत्या दोन दिवसांत भूकंप', 'सूत्रांची माहिती' हे सगळं दुसऱ्या ढिगात टाका. पहिला ढीग किती लहान राहतो बघा. घडलेली बातमी वाचून संपते. घडेल म्हणून सांगितलेली कधीच संपत नाही, कारण ती चालू ठेवायला काही घडावं लागत नाही. तुमचे तास खाते ती ही दुसरी.

तुम्ही पाहिलेल्या सुनावणीचंच घ्या. घटनापीठाच्या कामकाजाचं थेट प्रक्षेपण 27 सप्टेंबर 2022 पासून सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी शिवसेनेचं प्रकरण होतं. 16 मार्च 2023 ला निकाल राखून ठेवला गेला. 11 मे ला निकाल आला: राज्यपालांचं चुकलं, पण ठाकरेंनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळं ते सरकार परत आणता येणार नाही, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी घ्यावा. अध्यक्षांनी तो 10 जानेवारी 2024 ला दिला. मधे 17 फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. जवळजवळ सव्वा वर्षाच्या काळात ठरलेल्या मोठ्या गोष्टी एवढ्याच. कोर्टाचं कामकाज ऐकणं वाईट नाही, उलट वकिलांचे मुद्दे ऐकून माणूस शहाणा होतो. पण तुम्ही त्यात मुद्दे ऐकत होता की 'आज काहीतरी होईल' म्हणून बसला होता? माझा अंदाज दुसरा आहे, कारण पहिलं असतं तर पानं घेऊन आलेला माणूस तुम्हाला दिसला असता.

तुमच्या धंद्यातलंच सांगते. शेतकरी घाबरून आला की तुम्ही त्याला विचारता, रोग दिसलाय का शेजारच्याच्या बागेत आला म्हणून फवारायचंय? बातमीलाही हाच प्रश्न विचारायला लागा.

अंदाज वर्तवणाऱ्यांचं काय झालं तेही तुमच्या डोळ्यांसमोर आहे. 1 जून 2024 च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढं, काहींनी चारशेच्या पुढं नेऊन ठेवलं. 4 जूनला भाजप 240 वर आणि एनडीए 293 वर थांबली. महाराष्ट्रात 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीकडं गेल्या. मग पाच महिने तज्ज्ञ मंडळी त्या तीस जागांवरून विधानसभेचं गणित मांडत बसली आणि 23 नोव्हेंबरला महायुती 230 च्या पुढं गेली. त्या पाच महिन्यांत तुमची झोप गेली. तुम्ही ज्यांचं ऐकत होता त्यांना तरी काय माहीत होतं?

आता दाजींचं. तुमच्या पत्रात त्याला चार ओळी आहेत, पण मला त्याच सगळ्यात जड वाटल्या.

तुमचं भांडण ऑगस्ट 2022 चं. तुमचं म्हणणं, अर्थमंत्री असताना अजित पवारांनी शिवसेनेच्या आमदारांना निधी दिला नाही. त्या वेळी बाहेर पडलेले आमदार उघड तेच सांगत होते. दाजींचं म्हणणं, पैशासाठी गेले. दोघंही आपापल्या नेत्याचं बोलणं घरच्या ग्रुपवर आणून टाकत होता. वर्षसुद्धा झालं नाही तोवर दाजींचे नेते तुमच्या नेत्यांच्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री झाले, आणि बारा दिवसांत अर्थखातंही त्यांच्याकडंच आलं. ज्या निधीवरून तुमचं वाजलं त्याच निधीची किल्ली परत त्यांच्या हातात गेली, आणि त्या वेळी तुमच्या पक्षाच्या संमतीनं. त्यांचं मिटलं. त्यात त्यांची चूक काढायला मी बसलेली नाही, आघाड्या होतात आणि मोडतात. पण तुमच्या बहिणीची भाऊबीज अजून अडकलेली आहे, आणि ती कुठल्या पक्षात आहे हे तुम्ही पत्रात लिहिलेलंही नाही. बहुधा तिला कुणी विचारलंच नसेल.

तिला फोन करा. मेसेज टाकू नका, फोन करा, आणि दिवाळीची वाट बघू नका. तब्येत विचारा, भाच्यांचं विचारा. कोण बरोबर होतं हा विषय काढू नका, तिनं काढला तरी 'ते राहू दे' म्हणा. तिच्याशी नीट बोलणं झाल्यावर दाजींशी बोला. त्यांना एवढंच सांगा की त्या दिवशी शब्द जास्त गेले. मत बदललं असं म्हणायची गरज नाही, कारण ते बदललेलं नाही आणि खोटं बोलून नातं सांधत नाही. ग्रुपवर परत जायची घाई मात्र करू नका. तिथं पंचवीस माणसं बघत असतात आणि बघणारे असले की माणूस माघार घेत नाही. समोरासमोर बसून, चहा पिता पिता, दोन वेगळ्या पक्षांची माणसं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आलीत आणि जेवायच्या वेळेला एकाच पंगतीत बसलीत. सांगोल्याला हे मी शिकवायला नको.

तुमच्या रोजच्या दिवसाबद्दल थोडं. रात्रीच्या चर्चा बंद करा, अगदी पूर्ण. त्यात नवी बातमी नसते, दिवसभराच्या बातमीवर पाच जणांचा आरडाओरडा असतो. युट्यूबवरचे जे चॅनल रोज 'भूकंप' लिहितात ते काढून टाका, नोटिफिकेशन सगळी बंद करा. दुकानात फोन गल्ल्यात ठेवा आणि हिशेबाला, ऑर्डरला लागेल तेव्हाच बाहेर काढा. सकाळी छापील पेपर घ्या. आणि तो जिल्ह्याच्या पानापासून वाचायला सुरुवात करा.

हे शेवटचं मी मुद्दाम सांगतेय. खताच्या भावापासून पाण्यापर्यंत सगळं राजकारणावर चालतं, हे तुमचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. मग मला सांगा, निरा उजव्या कालव्याचं पुढचं आवर्तन (पाण्याची पाळी) कधी, किती दिवसांचं, आणि तुमच्या टोकाच्या गावांना ते किती पोचणार? हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. तिथं आमदार असतात, जलसंपदाचे अधिकारी असतात, खरी रस्सीखेच असते, कारण वरच्या तालुक्यांनी उचललं की शेपटाला कमी येतं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कुणाला कधी सुटणार यावरही तेच. तुमच्या तालुक्यासाठी यापेक्षा मोठं राजकारण दुसरं नाही, आणि तुमच्या दुकानातला खताचा उठाव थेट त्यावर ठरतो. ती बातमी आतल्या पानावर चार इंचांत येते. मुंबईत कोण कुणाला भेटलं याच्या मागं धावताना ती चार इंचं तुमच्याकडून निसटत असतील तर तुम्ही राजकारण जास्त बघताय असं मी म्हणणार नाही. हवं ते बघायचं राहून जातंय.

तसंच शासन निर्णयांचं. राज्य सरकारचे जीआर सरकारी संकेतस्थळावर मराठीतून, खात्याप्रमाणं, तारखेनुसार, फुकट मिळतात. एक रुपयातला पीकविमा 2023 च्या खरिपाला आला आणि 2025 च्या खरिपापासून गेला. शेतकऱ्याच्या वाट्याला परत विमा रकमेच्या खरिपाला दोन, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंतचा हप्ता आला. असा बदल झाला की तुमच्या काउंटरवर रोज लोक विचारत येतात, आणि त्यांना अर्धवट ऐकलेलं सांगणारे खूप असतात. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, अर्धा तास कृषी आणि जलसंपदा खात्याचे नवे जीआर चाळा. भाषा किचकट असते, पहिल्यांदा कंटाळा येईल. पण तुमच्यासारख्या आकड्यांत रमणाऱ्या माणसाला त्याची गोडी लागेल याची मला खात्री आहे. आणि वाचलेलं संपतं. झालेला निर्णय कळला की डोकं शांत होतं. 'चर्चा' ऐकून ते कधी शांत झालंय का?

मुलाची काळजी तुम्हाला वाटतेय, ती बरोबर आहे, पण त्याला ओरडू नका. तो तुमच्याशेजारी बसायला मिळतं म्हणून रील दाखवतोय. सतरा पूर्ण असतील तर मतदार नोंदणीचा अर्ज त्याला आगाऊ भरता येतो. अठरा पूर्ण झाल्यानंतर जी पात्रतेची तारीख येईल (1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै किंवा 1 ऑक्टोबर) तेव्हा नाव लागतं. नमुना 6 त्याच्यासोबत बसून भरा. नंतर गावाची मतदार यादी उघडा आणि दोघं मिळून वाचा: कुणाचं नाव दोनदा आहे, कोण वारलंय, कोणाची सून येऊन तीन वर्षं झाली तरी नाव नाही. दुरुस्तीला नमुना 8 असतो, नाव वगळायला 7. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) गावातलेच असतात, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, त्यांना हे काम करणारं कुणी भेटलं तर ते तुमचे आभार मानतील. 48 मतांनी खासदार ठरलेला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल तुम्ही पाहिलाय. आपल्या यादीत किती नावं चुकीची आहेत हे त्या पोराला स्वतःच्या बोटानं मोजू दे. परीक्षा झाल्यावर करा हे, आत्ता त्याला अभ्यास करू द्या.

झोपेचं मात्र हलक्यानं घेऊ नका. लोकसभेच्या निकालापासून म्हणजे बराच काळ झाला. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उठवायला साधं गजराचं घड्याळ आणा. पंधरा दिवस असं करूनही तीनची जाग गेली नाही, छातीत धडधड होत असेल, चिडचिड वाढली असेल, तर डॉक्टरांना दाखवा, रक्तदाबही तपासून घ्या. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, 14416 वर मराठीतूनही बोलता येतं. तिथं बोलायला माणूस वेडा असावा लागत नाही. 'मला बातम्यांमुळं झोप येत नाही' एवढं सांगितलं तरी ते ऐकून घेतात.

वहिनींच्या वाक्यावर मी वेगळं काही लिहीत नाही, त्यांनी सगळं एका वाक्यात लिहिलंय. आज रात्री जेवताना टीव्ही बंद ठेवा आणि त्यांना दिवसभराचं विचारा. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.

राहिला निकालाचा दिवस. दुकान उघडं ठेवा. आठला टपाली मतं मोजायला घेतात, साडेआठला यंत्रं. एका वेळी साधारण चौदा टेबलांवर मोजणी चालते, म्हणजे मतदारसंघात तीनशे केंद्रं असली तर बावीस फेऱ्या. यंत्रं केंद्रांच्या क्रमांकानं येतात, त्यामुळं पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तालुक्याचा एखादाच कोपरा मोजलेला असतो. सकाळी दहाला पडद्यावर जे 'आघाडी-पिछाडी' पळतं त्यात हेच असतं, आणि त्यावरच तुमचं काळीज सगळ्यात जास्त वरखाली होतं. दुपारी दोननंतर, जेवण झाल्यावर, आयोगाच्या संकेतस्थळावर तुमच्या मतदारसंघाची कितवी फेरी झाली ते बघा. तोवर बहुतेक ठिकाणचं चित्र स्पष्ट झालेलं असतं. दाजींशी तोपर्यंत बोलणं सुरू झालेलं असेल तर त्या दिवशी फोन तुम्हीच करा, आणि ज्याचा उमेदवार पडला असेल त्याला आधी बोलू द्या.

– ताई